मधला ठिपका

“बाबा, आमच्या वर्गाच्या फोटोत मागची भिंत एवढी झकास आलीय, मग आम्हीच सगळ्या भुतासारख्या का दिसतोय?”

प्रश्न माझा नव्हता. पैज होती. मधल्या सुट्टीत फोटो वाटले गेले आणि माझ्या दोन मैत्रिणी हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. एक पेन्सिल, म्हणजे काटकुळी आणि सरळ. दुसरी रेडिओ, म्हणजे बंदच न होणारी. फोटोत भिंतीवरचं शाळेचं नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, आणि खाली आम्ही चाळीस जणी, प्रत्येकीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा.

“भोंग्या, फार शूर झालीयेस ना हल्ली?” पेन्सिल म्हणाली. “मग विचार तुझ्या बाबांना, त्यांनीच काढलाय ना फोटो. अगदी याच शब्दांत.”

भोंगा म्हणजे मी. मागच्या वर्षापर्यंत मला ‘मुकी’ म्हणायचे. मग एकदा प्रार्थनेला सूचना वाचणारी रोजची मुलगी तापाने पडली आणि बाईंनी माईकवरून सूचना वाचायला नेमकं मला पुढे ढकललं. पहिल्या दोन ओळी मी कागदाआड तोंड लपवून वाचल्या. तिसऱ्या ओळीला माझाच आवाज समोरच्या इमारतीवर आपटून मला परत ऐकू आला, आणि काय सांगू, मला तो आवडलाच! तेव्हापासून आई म्हणते, हिचं सुरू करायचं बटण सापडलं, बंद करायचं काही सापडत नाही.

तर मी जेवताना विचारलं. ऐटीत. फोटो नाचवत.

बाबांचा हात ताटातच थांबला. आई म्हणाली, “जेव गुपचूप.” आई मला दिवसातून दहा वेळा गप्प बसवते, पण हे ‘गुपचूप’ वेगळं होतं. त्यात धार होती.

मग बाबा हसले. “बरोबर आहे ठमाबाईचं. कॅमेरा म्हातारा झालाय. मोठ्या बाईंचा पण निरोप आलाय, शनिवारी सगळ्या वर्गांचे फोटो परत काढायचे म्हणून. आता डिजिटल घेऊन टाकू.”

मी पाटावरून उडायचीच बाकी होते! बाबांच्या तोंडून ‘डिजिटल’! पुढच्या गल्लीतल्या फोटोवाल्याने डिजिटल घेतला तेव्हा ‘खेळणं आहे ते’ म्हणून नाक मुरडणारे हेच बाबा. आमच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ आहे, बावीस वर्षं. जमिनीत तीन पितळी खिळे ठोकलेत. पहिल्यावर स्टँड ठेवला की पासपोर्टचा फोटो, दुसऱ्यावर कमरेपर्यंतचा अर्धा, तिसऱ्यावर पायापर्यंतचा उभा. स्टुलाच्या चार पायांसाठी रंगाचे ठिपके आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टीचे तीन तुकडे, एकेका खिळ्यासाठी एकेक. बाबा पायाच्या अंगठ्याने खिळा चाचपतात, कडं फिरवून बोटाने पट्टी लागते का बघतात आणि खटॅक्. मला वाटायचं, काय बाई सफाई आहे या माणसाच्या हातात! न बघता फोकस लावतात!

न बघता. खरंच, मी असंच म्हणायचे. सगळ्यांना सांगायचे.

“मी येणार निवडायला!” मी ओरडले. “मला घेतल्याशिवाय गेलात तर बघा!”

दुकानात आम्ही बुधवारी शाळा सुटल्यावर गेलो. बाबांनी जुन्या दोन लेन्स मऊ कापडात गुंडाळून आणल्या होत्या, बाळं आणावीत तशा. दुकानदारकाका तरुणच होते. त्यांनी काचेवर तीन कॅमेरे मांडले आणि मी लगेच सुरू झाले. हा किती मेगापिक्सेलचा, याचा पडदा केवढा, कार्डात फोटो किती मावतात. माझ्याकडे एका चिठ्ठीवर सतरा प्रश्न होते. रेडिओने अठरावा घातला होता, ‘यात माणूस बारीक दिसतो का’, तो मी गाळला.

बाबांचा एकच प्रश्न होता. “माझ्या लेन्स बसतील?”

“बसतील की. पण फोकस हातानेच लावावा लागेल. आणि अजून एक आहे काका. फिल्मच्या जागी यात जो सेन्सर असतो, तो फिल्मपेक्षा लहान. म्हणजे त्याच लेन्समधून सगळं जवळ आल्यासारखं दिसणार. पहिल्याइतकं बसवायचं तर मागे सरकायचं.”

“किती मागे?”

“साधारण दीडपट.”

मी मनात खोली मोजली. तिसऱ्या खिळ्याच्या मागे दोन पावलांवर दार. दीडपट म्हणजे थेट रस्त्यावर, रिक्षांच्या मधोमध स्टँड लावून “हसा” म्हणायचं! मला हसू फुटलं. बाबांना नाही फुटलं.

“त्यापेक्षा ही नवी लेन्स घ्या,” काका म्हणाले. “फोकस आपोआप. आत नऊ ठिपके दिसतात. मधला ठिपका चेहऱ्यावर आणायचा, बटण अर्धं दाबायचं, ठिपका लाल झाला की झालं. बघा, काढा माझा.”

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. डाव्या डोळ्याला. लहानपणी मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचे तेव्हा त्यांचा डावा डोळा मिटलेला असायचा आणि उजवा कॅमेऱ्यामागे. डोळा कधी बदलला, मला आठवेना. कॅमेरा त्यांनी आधी काकांवर धरला, मग जरासा बाजूला नेला, मग अजून जरासा.

“दिसतोय ठिपका?”

“दिसतोय की.”

खटॅक् नाही. कसला तरी बारीक किर्र आवाज. आणि लगेच मागच्या पडद्यावर फोटो! मी टाचा वर करून डोकावले. काकांच्या मागच्या फळीवरचे खोके काय लख्ख आले होते, किमतीची चिठ्ठीसुद्धा वाचता येत होती. काका स्वतः फोटोच्या एका कडेला, पुसलेले.

बाबांनी पडदा जवळ घेतला, लांब धरला, मान तिरकी केली. आणि अगदी खूश होऊन म्हणाले, “व्वा! काय स्वच्छ आलाय चेहरा!”

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. सतरा प्रश्नांची चिठ्ठी मी घडी घालून खिशात टाकली.

“हाच घेतो,” बाबा म्हणाले.

“घाई नको काका,” दुकानदार हळूच म्हणाले. “पत्रक घेऊन जा. घरी बोला.”

बसथांब्यावर मी बाबांच्या समोर उभी राहिले. आमचा एक जुना खेळ आहे. मी तोंड वेडंवाकडं करायचं आणि त्यांनी नेमकं तेव्हाच बटण दाबायचं. घरात माझे असे एक खोकंभर फोटो आहेत. मी जीभ बाहेर काढली. पूर्ण. डोळे तिरळे केले. बाबा माझ्याकडेच बघत होते, सरळ माझ्या तोंडाकडे.

“शनिवारी ऊन चांगलं पडलं पाहिजे,” ते म्हणाले.

मी जीभ आत घेतली नाही. रस्त्यावरची एक बाई माझ्याकडे बघून हसली. बाबा नाही हसले.

“बाबा, मी काय करतेय आत्ता?”

त्यांनी माझी वेणी हातात धरली. मग म्हणाले, “मधलं जातं गं.”

“म्हणजे?”

“कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की कान दिसतात, वेण्या दिसतात. मधे एक डाग असतो. तू दिसत नाहीस.” मग घाईघाईने, “जरा बाजूला बघितलं की थोडीशी दिसतेस हां. नाक वगैरे.”

“मग चष्मा बदलू ना! तो दवाखाना आहे ना मोठा...”

“तीन डॉक्टर झाले. चष्म्याचं काम नाही ते. आधी उजव्याला होतं, आता दोन्हीला. थांबत नाही म्हणतात.”

मी भोंगा आहे, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. “मी फोकस लावेन! मी शेजारी उभी राहीन, ठिपका मी बघेन, तुम्ही नुसतं बटण दाबा.”

“मग फोटो कुणाचा?” त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. “आणि मी काय करायचं ठमे? स्टँड धरायचा?”

बस आली. नंबर मी वाचला, नेहमीसारखा. इतके दिवस मला वाटायचं, लेकीचं वाचन बघायला ते नंबर मला विचारतात. चढताना ते म्हणाले, “आईला बोलू नकोस. तिला वाटतंय कॅमेऱ्याचा दोष आहे.”

घरी आल्यावर बाबा आंघोळीला गेले आणि मी आईच्या टेबलाशी गेले. रोल धुऊन आले की निगेटिव्ह आई बघते, खाली दिवा आणि डोळ्याला भिंग लावून. बाबा एकेकाचे पाच-सहा फोटो काढतात, त्यातला कुठला छापायला द्यायचा ते आई ठरवते. वर्गाच्या फोटोंच्या वेळी मावशीचं ऑपरेशन होतं, आई चार दिवस तिकडे होती, बाबांनी स्वतः निवडले. टेबलाखाली बुटांचं खोकं होतं. मी झाकण काढलं. निगेटिव्हच्या पट्ट्या, गच्च. एक दिव्यासमोर धरली. भिंत, पडदा, खुर्चीची पाठ, सगळं रेखीव. माणसं पुसलेली.

“ठेव ते,” आई दारातून म्हणाली. ओरडली नाही. मी पट्टी परत खोक्यात ठेवली.

“किती दिवस?”

“चार वर्षं. सुरुवातीला पाचातला एक वाईट निघायचा. आता पाचातला एक चांगला निघतो, आणि तोही खिळ्यावर उभं राहून काढलेला असेल तर. बाहेरचा एकही नाही.” तिने खोकं पायाने आत सरकवलं. “त्यांना सांगू नकोस, मी किती फेकते ते. त्यांना वाटतं मला काही कळलेलं नाही.”

म्हणजे आमच्या घरात दोघं एकमेकांना सांभाळत होते, आणि सांभाळता सांभाळता शनिवार जवळ येत होता.

गुरुवारी शाळेत मी गप्प होते. रेडिओने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. “काय गं, पैज पुरी केलीस का? काय म्हणाले?”

“डिजिटल घेणारेत,” मी म्हटलं. तेवढंच सुटलं तोंडातून.

झालं! वर्गभर बातमी. पेन्सिल तर बाकावर चढली. “ए, डिजिटल! म्हणजे फोटो तिथल्या तिथे दिसणार! आपण सगळ्यांनी भोंग्याच्या बाबांना घेराव घालायचा. खराब आला तर सोडायचंच नाही, परत काढा, परत काढा!”

सगळ्या ओरडायला लागल्या, “परत काढा! परत काढा!” आणि मला ते स्पष्ट दिसलं. मैदान, ऊन, चाळीस मुली बाबांच्या भोवती. कुणाची वेणी त्यांच्या हातावर, कुणाचं डोकं पडद्यावर. पडद्यावर शाळेचं नाव लख्ख. आणि मधे उभे राहून बाबा खूश होऊन म्हणतायत, व्वा, काय स्वच्छ आलेत चेहरे!

फिल्म बरी होती. फिल्म आठ दिवस तरी गप्प बसायची.

मोठ्या बाईंच्या खोलीसमोर मी दोनदा गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. तिसऱ्यांदा आत शिरले. त्या रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाल्या, “काय गं, आज आवाज नाही तुझा?”

“बाई, शनिवारी बाबा येणार नाहीत. दुसरं कुणीतरी बघा.”

आता त्यांनी मान वर काढली. “बावीस वर्षं तेच काढतायत. मी मुद्दाम त्यांनाच परत बोलावलं. रागावलेत का?”

“नाही.”

“त्यांनी पाठवलंय तुला?”

माईकवर मी कधी खोटं वाचलेलं नाही. इथे माईक नव्हता. “हो,” मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या कागदावर एक ओळ खोडली. सरळ, पट्टी लावून. एवढ्या वेळात होतं ते.

घरी पोचले तर स्टुडिओतून ठोकण्याचा आवाज. आत बघितलं. स्टूल समोरच्या भिंतीला चिकटवलेलं. आई गुडघ्यावर बसून टेप धरून होती, दुसरं टोक बाबांच्या हातात, आणि बाबा उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर. पत्रक खुर्चीवर उघडं पडलेलं, त्यातल्या एका कॅमेऱ्याभोवती पेनाने गोल. थोडासा बाजूला गेलेला गोल. पासपोर्टचा खिळा उपटून झाला होता. जमिनीत तिथे छोटंसं काळं भोक.

“आलीस का ठमाबाई!” बाबा म्हणाले. “ये, ये. तुझ्या आईची अक्कल बघ. स्टूल मागे लावलं की अर्धा फोटो खोलीतच बसतो. फक्त उभ्यासाठी रस्त्यावर जायचं.”

“रिक्षावाल्यांचेही काढा मग,” आई म्हणाली, आणि दोघं हसले. खरंच हसले. किती दिवसांनी. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू आधी थांबलं. बाबांचं चालूच होतं, कारण माझा चेहरा भर उजेडात असला तरी त्यांच्यासाठी तिथे डागच होता.

कुणीतरी बोलायला हवं होतं. त्या दोघांपैकी कुणीच बोलणार नव्हतं, कधीच, शनिवारी मैदानात पोचेपर्यंत.

“तो खिळा परत ठोका,” मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, समोरच्या इमारतीवर जाऊन परत येईल इतका, आणि या वेळी मला तो अजिबात आवडला नाही. “कॅमेरा घ्यायचा नाही. शनिवारी शाळेत फोटो काढायला तुम्ही यायचं नाही, बाबा. मी मोठ्या बाईंना सांगून आलेय. त्यांनी तुमचं नाव खोडलंय.”