पायाळू मॅडम

त्या वर्षी शिरूर कासारकडे पावसाने अशी पाठ फिरवली, की गावच्या दूध संस्थेत दुधापेक्षा भाषणंच जास्त जमा होऊ लागली. चेअरमन रामकिसन यांनी दहावी पास मुलींचा सत्कार ठेवला आणि पाहुण्या म्हणून भूजलशास्त्रज्ञ सत्यभामा मॅडमना बोलावलं. मुलींना प्रेरणा मिळावी हा एक हेतू. संस्थेच्या बोअरची जागा जाता जाता दाखवून मिळावी हा दुसरा, आणि तो अंमळ वजनदार.

सत्यभामाला हे न कळायला ती काही काल जन्मली नव्हती. ती आली ती चेअरमनच्याच लेकीसाठी. शिवकन्येने बापाच्या मोबाइलवरून तिला गुपचूप फोन केला होता. "मॅडम, मला सायन्सला बीडला जायचंय. वडील न्हाई म्हणत्यात. तुमी बोलून बघता का?"

सत्काराच्या आदल्या दिवशी सत्यभामाने माळावर खुंट्या ठोकल्या, वायरी ओढल्या, यंत्रावरचे आकडे उतरवले. तिच्याआधी गावचा पाणाड्या बिभीषण याने तळहातावर नारळ धरून बोअरसाठी दोन जागा दाखवल्या होत्या. दोन्हीतून नुसता फुफाटा निघाला होता. उन्हात फिरताना मॅडमच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा चपला हातात घेऊन ती तशीच चालत गेली आणि म्हणाली, "इथे घ्या."

संध्याकाळीच बोअरची गाडी आली, पाणी लागलं. गाव नाचलं. बिभीषणचं मात्र तोंड उतरलं होतं. पण गडी हुशार. त्याने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "बाई पायाळू हाय! पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं पाणी कळतं. बघितलं न्हाई का, चपला काढल्या अन् पाणी घावलं!"

"अहो, मी चारचौघांसारखी डोक्याकडूनच जन्मले," सत्यभामा म्हणाली. लोकांनी तिच्या नम्रतेचं लई कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन माइकवर गरजले, "घरोघरी अशी सत्यभामा जन्मली पाहिजे!" टाळ्या झाल्या, शाल झाली. जेवण चेअरमनच्या घरी होतं. सत्यभामाने संधी साधली.

"मग शिवकन्येला सायन्सला घालताय ना?"

"मॅडम, तुमची गोष्ट येगळी. तुमी पायाळू. आमची पोरगी सरळ जन्मली. ती सायन्स घिऊन काय करणार?"

ताट वाढणाऱ्या शिवकन्येचा हात थांबला. सत्यभामाच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांचा अभ्यास या माणसाने तिच्या तळपायात नेऊन घातला होता.

तेवढ्यात चुलीपासून शिवकन्येची आई छबुबाई बोलली, "सरळ जन्मली हे तुमाला कुणी सांगितलं? तुमी तवा कारखान्याच्या इलेक्शनला गेलता. चार दिसांनी गुलाल लावून आलता. पोरगी पायाळू हाय."

"मग आजवर कावून न्हाई सांगितलं?"

"पोरीच्या जातीचा बोभाटा कशाला?"

चेअरमनने घास खाली ठेवला. "मॅडम, तुमी शास्त्रज्ञ. तपासा अन् खरं काय ते सांगा."

सत्यभामाने छबुबाईकडे पाहिलं. बाईची पापणीसुद्धा हलत नव्हती. मोजल्याशिवाय सत्यभामा आजवर एक शब्द बोलली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त शिवकन्येची माया आली. तिने पोरीचा तळपाय हातात घेतला, उजेडाकडे वळवला, अंगठ्याने दोन ठिकाणी दाबला.

"पायाळूच आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "हिला सायन्सच लागेल. दुसरं काही दिलंत तर पायाचा गुण जातो."

"जाऊ द्यायचा न्हाई!" चेअरमन उठलेच. "उद्याच बीडला ॲडमिशन घेतो." दोन पावलं टाकून ते कमरेवर हात ठेवून कण्हले. महिनाभर कंबर धरली होती, आणि पायाळूचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. चेअरमन तिथेच पालथे झाले. "ये ग पोरी. सावकाश."

शिवकन्येने मॅडमकडे पाहिलं.

"जोर लावून दे," सत्यभामा म्हणाली.