लाल बटनाखालचा निरोप

मित्रांनो, त्या फळीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, पितळी तांब्याच्या मागं, रबर गुंडाळलेलं एक काळं डबडं दिसतंय का? तेच मी. मी एक जुना बटनांचा फोन आहे. माझं मागचं झाकण सैल झालंय, म्हणून रबर. पाचाचं बटन झिजून गुळगुळीत झालंय. आणि माझ्या काचेच्या कोपऱ्यात एक पाकिटाचं चित्र कित्येक वर्षं मिचकत होतं. घरातले हसून म्हणायचे, "ह्याला डोळा मारायची खोडच हाय." खोड नव्हती हो ती. मी काहीतरी सांगत होतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथं पट्ट्यावरून माझे हजारो भाऊ एकामागं एक सरकत होते. कोण कुणाच्या खिशात जाणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला केजच्या एका दुकानाच्या काचेत जागा मिळाली. एके दिवशी आबासाहेब आले. गवंडीकाम करणारा माणूस. बोटांच्या भेगांत सिमेंट बसलेलं. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि दुकानदाराला विचारलं, "ह्याला गजर हाय का? सकाळी साडेचारचा?"

"गजर हाय, बॅटरी हाय, रेडिओ हाय. आन् काय पायजे, मामा? नाचून दाखवू का?"

"बाकी ऱ्हाऊ द्या. गजर वाजतो का तेवढं दाखवा. पोरगी बारावीला हाय."

म्हणून मी त्या घरात आलो. आबासाहेबांची थोरली लेक राजश्री, धाकटी यशोधरा, आणि दोघींची आई सिंधुबाई. केजपासून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. रोज पहाटे साडेचारला मी घसा फोडून ओरडायचो. मग आबासाहेब हाक मारायचे, "राजे, ऊठ. तुझं डबडं बोंबलतंय." ती गोधडीतूनच म्हणायची, "उठले, आबा," आणि खरंच उठायची. ओट्यावर बसून गणितं सोडवायची. लाईट गेली की माझी बॅटरी लावून वहीवर धरायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष ते.

बारावीला राजश्रीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. सीईटीचा निकालही चांगला लागला. त्या दिवशी मला उसंत नव्हती. मामाचे, मावशीचे, शाळेतल्या सरांचे फोनवर फोन. आबासाहेब येईल त्याला मला दाखवायचे, जणू मार्क मलाच पडलेत. "ह्या डबड्यानं उठवलंय पोरीला," म्हणायचे. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

तिला इंजिनिअर व्हायचं होतं. लातूरच्या एका कॉलेजात तिनं केजच्या नेट कॅफेतून प्रवेशाचा फॉर्म भरला आणि नंबर टाकला तो माझा. कॉलेजची फी सरकारकडून माफ होईल, असं सर म्हणाले होते. पण लातुरात राहायचं कुठं आणि खायचं काय? घोडं तिथं अडलं होतं. सरकारी मदतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागणार होता. रोज सकाळी ती जीपनं केजला जायची आणि खिडकीसमोर रांगेत उभी राहायची. आज साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलं की एक झेरॉक्स कमी.

जाताना मला ती आईजवळ ठेवायची. सिंधुबाईंना वाचता येत नव्हतं. राजश्रीनंच त्यांना शिकवलं होतं, "आई, वाजला की हिरवं बटन दाब अन् बोल. नुसतं टुंग झालं तर मेसेज आसतो कंपनीचा. रिचार्ज करा, गाणं लावा, तसलं. मंग लाल दाबायचं. बास."

त्या दिवशी सिंधुबाई दुसऱ्याच्या कपाशीत खुरपायला गेल्या होत्या. मी त्यांच्या पदराच्या गाठीत होतो. दुपारची वेळ. मला एक निरोप आला. मित्रांनो, मला वाचता येतं, पण तोंडानं सांगता येत नाही. आम्हाला तसं घडवलेलंच नाही. निरोप लातूरच्या कॉलेजचा होता. राजश्रीचं नाव. तिचे मार्क. त्या मार्कांवरून चारही वर्षं राहणं-जेवणं मोफत. वेगळा अर्ज करायचा नाही. अठरा जुलैपर्यंत मूळ कागद घेऊन या, एवढंच.

मी टुंग केलं. जितक्या जोरात करता येतं तितक्या जोरात. थरथरलो सुद्धा. सिंधुबाईंनी गाठ सोडली, मातीचा अंगठा पदराला पुसला आणि शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर लाल बटन दाबलं.

संध्याकाळी राजश्री परत आली. पायांवर फुफाटा, हातात फायलीची पिशवी. तांब्याभर पाणी पिऊन तिनं विचारलं, "कुणाचा फोन आलता का?"

"न्हाई. कंपनीचा आलता एक."

"बरं," ती म्हणाली, आणि मला फळीवर ठेवून दिलं.

अठरा तारीख आली. त्या दिवशी राजश्री घरीच होती. दाखला मिळायला अजून आठ दिवस होते. ती दाराशी बसून तांदूळ निवडत होती. मी फळीवर होतो, तिच्यापासून तीन हातांवर. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, अंगणातून गेलं, दिवस मावळला. माझ्या काचेवर ते पाकीट तसंच होतं.

दाखला मिळाला, पण हॉस्टेलची सोय झाली नाही, आणि लातूर राहूनच गेलं. पुढच्या वर्षी राजश्रीचं लग्न झालं. नवरा विलास भला माणूस. मांजरसुंब्याच्या चौकात त्याचं टायरचं दुकान. जाताना ती पुस्तकं यशोधराला देऊन गेली. आबासाहेबांनी माझा गजर मात्र बंद केला नाही. साडेचारला मी वाजायचो, ते उठून बसायचे, कुणाला हाक मारायची नसायची, तरी बसायचे.

दोन वर्षांपूर्वी एका बांधकामावर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. मला त्यांच्या काळजाचे ठोके रोज ऐकू यायचे, तसे त्या दिवशीही येत होते. मग यायचे थांबले. थोड्या वेळानं मी वाजलो. सिंधुबाई शेजारच्यांच्या फोनवरून लावत होत्या, जेवायला कधी येता म्हणून. मी त्या खिशात वाजत राहिलो. हिरवं बटन दाबायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी या फळीवर. नंबर बँकेत दिलेला, गॅसला दिलेला, म्हणून मला जिवंत ठेवलंय. आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावतात. यशोधराची मैत्रीण मला बघून म्हणाली, "अगं, हे भंगारात तरी घेतील का?" मी ऐकून घेतलं. पण पहाटेचा गजर सिंधुबाई कुणाला बंद करू देत नाहीत. "त्यांनी लावलाय," म्हणतात. साडेचारला सुन्या घरात मी मेलेल्या माणसाच्या वतीनं ओरडतो आणि सासरी गेलेल्या मुलीला उठवतो. माझ्या पोटात दोनशे निरोपांची जागा. ती कधीच भरली. म्हणूनच ते पाकीट मिचकायला लागलं. नवे निरोप दारात येऊन उभे राहायचे, दोन-चार दिवस वाट बघायचे आणि तिथंच विरून जायचे. मी आतून त्यांची चाहूल ऐकायचो. आणि तळाशी, अगदी जुन्या निरोपांत, तो एक. तो विरला नव्हता. तो आत होता, न उघडलेला.

यंदा यशोधरा बारावी झाली. नव्वद टक्के. लेकरू झोपलं की राजश्री मांजरसुंब्याला आपल्या मोठ्या फोनवर कॉलेजं शोधत बसायची. एके दिवशी दुपारी तिनं मला फोन लावला. मी यशोधराच्या कानाशी होतो.

"यशे, नीट ऐक. लातूरच्या त्या कॉलेजानं एक तक्ता दिलाय. बारावीला पंच्याऐंशीच्या वर आन् सीईटीला नव्वदच्या वर आसंल, तर होस्टेल, मेस सगळं फुकट."

"त्याचा फॉर्म कुठं भरायचा?"

"भरायचाच न्हाई! प्रवेशाचा भरायचा, बास. मार्क बघून आपोआप नाव लागतं. ते कळवतेत, आन् आपण हो म्हणायचं."

"आपोआप काय मिळतं का गं ताई कुठं? इथं शाळा सोडल्याच्या दाखल्याला तीन चकरा झाल्या."

"मी बी आसंच म्हणले आसते." मागं तिच्या दुकानाजवळ ट्रकचे हॉर्न वाजत होते. "खाली लिवलंय, नऊ वर्षं झाली ही योजना चालू हाय."

"मंग तुला कावून न्हाई लागली? तुला तर अठ्ठ्याऐंशी होते."

"लागलं नसंल नाव. जाऊ दे. तू सरांना फॉर्म भरायला सांग."

माझी बॅटरी तेव्हा दोन कांड्या होती, पण माझ्या अंगातून सगळं निघून गेल्यासारखं झालं.

यशोधराचं नाव लागलं. राजश्रीनंच यादी उघडून बघितली. पण नाव कायम करायला एक सहा आकडी नंबर टाकायचा होता, आणि तो येणार होता शाळेच्या रजिस्टरात लिहिलेल्या फोनवर. म्हणजे माझ्यावर. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. गुरुवारभर नंबर आला नाही. शुक्रवारी राजश्री पोरीला कडेवर घेऊन जीपनं आली. दोन वर्षांची चिमी, सगळ्या गोष्टी तोंडात घालणारी.

राजश्रीनं मला हातात घेतलं. पाचाच्या बटनावर अंगठा फिरवला. मग मिचकणाऱ्या पाकिटाकडं बघून कपाळावर हात मारला. "यशे, हे तर भरलंय! ह्याच्यात जागाच न्हाई. कुठून येईल नंबर?"

"मंग सगळे एकदम उडव ना! सव्वाचार झाले!"

"नको. आबांचं काही आसंल मधी."

"आबांना मेसेज लिवता तरी येत होता का?"

"तरी पण."

ती तळापासून काढायला लागली. एक काढला की दारात ताटकळलेला एक आत शिरायचा. रिचार्ज करा. गाणं लावा. पुन्हा जागा नाही. यशोधरा ओट्यावर मोठा फोन घेऊन उभी, सारखी ओरडत होती, "आला का?" सिंधुबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या, पण टरफलं सुपात आणि दाणे बाहेर पडत होते.

मग राजश्रीनं तो उघडला.

तिनं एकदा वाचला. तिचे ओठ हलले. चिमीनं हात घातला आणि तिच्या इवल्या अंगठ्यानं लाल बटन दाबलं. काच काळी झाली. राजश्रीनं चिमीचा हात हळूच बाजूला केला आणि पुन्हा उघडला. तारीख बघितली. मग मान वर करून आईकडं बघितलं. त्या संध्याकाळचं "कंपनीचा आलता एक" तिला आठवलं असणार. आणि आपलं "बरं" सुद्धा. आणि लाल दाबायला आईला कुणी शिकवलं होतं, तेही.

"ताई, वीस मिनिटं राहिली गं!"

ती तो निरोप ठेवू शकली असती. त्याच्या वरचा एक काढला असता तरी चाललं असतं. पण तिनं तोच निवडला. मला माझ्या जन्मात स्वतःहून बोलायला दिलेले शब्द फार थोडे आहेत. त्यातले दोन मी काचेवर लिहिले: 'काढून टाकायचा?'

तिनं 'हो' दाबलं.

आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत दारातून सहा आकडे आत आले. मी टुंग केलं. सात वर्षांपूर्वी केलं होतं तेवढ्याच जोरात.

"आला! लिही. चार... शून्य... नऊ..." राजश्रीचा आवाज फाटत होता, पण एकही आकडा चुकला नाही. ओट्यावरून यशोधरा किंचाळली, "झालं! ताई, झालं! नाव पक्कं झालं!" चिमी घाबरून रडायला लागली. शेजारची सावित्रीबाई धावत आली, "काय साप निगाला का गं?"

गडबड ओसरल्यावर सिंधुबाईंनी विचारलं, "राजे, मधीच कशाला थांबलतीस? काय होतं त्याच्यात?"

राजश्री चिमीचे डोळे पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय न्हाई आई. कंपनीचा होता एक."

सिंधुबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. हातातली शेंग फोडायची राहूनच गेली.

त्या रात्री राजश्री माहेरीच राहिली. पहाटे साडेचारला मी नेहमीसारखा ओरडलो. यशोधरानं कूस बदलली. सिंधुबाई जाग्याच होत्या. आणि अंधारातून, गोधडीतून, झोपेतला आवाज आला, "उठले, आबा."

मग तिला जाग आली. ती उठून बसली. माझं वाजणं थांबलं तरी बसून राहिली.

मित्रांनो, आता माझ्या काचेवर पाकीट मिचकत नाही. राजश्रीनं मला स्वच्छ पुसून ठेवलंय. पण काढून टाकलेला निरोप कुठं जातो, मला ठाऊक नाही. माझ्या तळाशी मला तो अजून जाणवतो, अठरा जुलैचा, पाहुण्यासारखा मूळ कागदांची वाट बघत बसलेला. तुमच्याही घरात असा एखादा जुना फोन असेल. त्याला हसा, डबडं म्हणा, काही हरकत नाही. पण तो वाजला तर लाल बटन दाबायच्या आधी एकदा उघडून बघा. आणि घरात ज्याला वाचता येत नाही, त्याच्याशेजारी बसून त्याला वाचून दाखवा. आम्हाला फक्त वाजता येतं. पुढचं तुमच्या हातात.