गोजरबाई नक्की कुठे आहेत

उल्हास नदीचं पाणी शनिवारी पहाटे बदलापूरच्या मांजर्लीत शिरलं आणि सोमवारी ओसरलं. मंगळवारी सकाळी मी टॅब घेऊन मंगल कार्यालयाच्या दारात खुर्ची टाकून बसले. नवरा-नवरीची खुर्ची होती ती, लाल मखमलीची. दुसरी मिळाली नाही. आत हॉलमध्ये दोनशेच्या वर माणसं सतरंज्यांवर बसलेली, आणि दारात ही बाई सिंहासनावर. पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी मला त्यावरून ऐकवलं.

'थांग' नावाच्या संस्थेत मी चार वर्षं काम करते आहे. पूर, दरड, आग, दंगल, कशानंही लोक घराबाहेर पडले की कोण कुठून कुठे गेलं आणि त्याला काय हवंय याची आम्ही नोंद ठेवतो. ती नोंद बघून मदत देणारे मदत पाठवतात. सांगायला काम सोपं आहे.

फॉर्ममध्ये एकेचाळीस प्रश्न. तो दिल्लीत बसून कुणीतरी बनवला आहे. घरात जनावरं किती, विहीर किती लांब, छप्पर गवताचं की कौलाचं. मांजर्लीतल्या चार मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या माणसाला मी छप्पर कसलं विचारलं, तर तो म्हणाला, "वरच्या शिंदेंची लादी." तसा पर्यायच नव्हता. मी 'इतर' केलं. 'इतर' केलं की पुढे लिहायला जागा येत नाही.

गोजरबाई त्याच दिवशी दुपारी माझ्यापुढे आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं वाळून कडक झालेलं. मुलगा जयदेव कंपनीत कामाला. मायलेक दोघंच राहतात.

"नाव सांगा आजी."

"सकाळपासून चार जणांनी लिवलंय माझं नाव. त्यांना इचार."

"ते वेगळे, मी वेगळी."

"मंग आधी तुमी सगळे एकत्र बसून ठरवा ना बाय, कोन इचारनार ते."

त्यांचं बरोबर होतं. सकाळी एक ऑफिसवाले येऊन गेले, मग दुसरे, मग ब्लँकेट वाटणारे, मग बिस्किटवाले. प्रत्येकाची वेगळी यादी, आणि एकाची यादी दुसऱ्याला दाखवायची नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि एकेचाळीस प्रश्न विचारले. 'काय हवंय' या प्रश्नाला मात्र त्यांनी नेमकं उत्तर दिलं.

"इन्सुलिन. सकाळ-संध्याकाळ घेतो मी. फ्रीजमदी होता, फ्रीजच वाहून गेला. पर्समदी एक पेन र्‍हायलाय, त्यो दोन दिस पुरंल."

टॅबवर 'औषधं: हो / नाही' एवढंच होतं. मी 'हो' केलं, आणि आमचे समन्वयक कमळाकर सरांना वेगळा फोन करून सांगितलं की इन्सुलिन हवंय, नाव लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं असं ते म्हणाले. गुरुवारी औषधांचं खोकं आलं. त्यात जुलाबावरची पावडर, तापाच्या गोळ्या आणि डोळ्यांत घालायचे थेंब होते. थेंब तीनशे बाटल्या. डोळे कुणाचेच आलेले नव्हते.

शुक्रवारी सकाळी हजेरी घेतली तेव्हा गोजरबाई हॉलमध्ये नव्हत्या. त्यांच्यासारखे आणखी एकोणसाठ लोक नव्हते. मी सरांना फोन केला.

"हजर नाहीत ना, मग 'घरी परतले' कर."

"सर, घरी गुडघाभर चिखल आहे. परतणार कुठे?"

"मग शिबिर दोन किंवा तीनमध्ये असतील."

"दोन्हीकडे विचारलं. नाहीत."

"शलाका, चारच पर्याय आहेत. शिबिर एक, दोन, तीन, नाहीतर घरी परतले. पाचवा मी कुठून आणू?"

"नातेवाइकांकडे गेले असतील तर?"

"नातेवाईक हा पर्याय नाही. नोंद बंद कर. वर रिपोर्ट जायचाय, आकडा खाली आला पाहिजे. शुक्रवार आहे आज."

शुक्रवार असला की आकडा खाली का यावा लागतो, हे मला चार वर्षांत कुणी समजावलेलं नाही. मी साठ नोंदी बंद केल्या. साठ वेळा 'आपली खात्री आहे का' असं टॅबनं विचारलं आणि साठ वेळा मी 'हो' दाबलं.

शनिवारी दुपारी उल्हासनगरहून एक माणूस स्कूटरवर आला. तिथल्या एका सिंधी औषध व्यापाऱ्यानं पाठवलेला. हातात मोठा थर्मास, आत थंड पाण्याच्या पिशव्यांमध्ये नीट गुंडाळलेली इन्सुलिनची पाच पेनं. चिठ्ठीवर गोजरबाईंचं नाव. म्हणजे सरांनी खरंच लिहून घेतलं होतं. मी त्यांना फोन केला.

"आलं का? छान. पण त्यांची नोंद बंद आहे ना आता. बंद नोंदीवर वस्तू देता येत नाही. परत पाठव."

"सर, बाईला हे मिळालं नाही तर काय होईल माहितीये ना?"

"माहितीये. माझ्या आईला पण शुगर आहे. पण सिस्टिम घेत नाही तर मी काय करू?"

मी फोन ठेवला. थर्मास घेऊन आलेला माणूस बिचारा सहीसाठी थांबला होता. मी माझ्या नावानं सही केली, थर्मास माझ्या स्कूटीवर पायाशी ठेवला आणि मांजर्लीकडे निघाले. नोंदीतला नंबर लागत नव्हता. तो फोन त्यांच्या फ्रीजबरोबरच गेला असणार.

मांजर्लीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाद्या आणि कपाटं रचलेली होती. जयदेव दारातल्या स्टुलावर बसला होता. आत चिखल तसाच.

"साफ नाही केलं?"

"कसं करू मॅडम? पंचनाम्याला साहेब येणार आहेत. साफ केलं तर नुकसान दिसणार कसं? चार दिवस झाले, बसलोय. कामावर गेलो आणि तेवढ्यात ते आले तर नाव गेलं. आणि शिबिरात नसलो तर रेशनच्या पिशवीतून नाव गेलं. एकटा माणूस दोन ठिकाणी कसा बसेल?"

"आणि आई?"

"तिला अंबरनाथला पाठवलं, ताईकडे. हॉलमध्ये तिला झोप लागेना."

त्यानं बहिणीचा, अंजनीचा नंबर दिला. ती उचलेना. "पॅकिंगला आहे ती, गेटवरच फोन जमा करतात," तो म्हणाला. त्यानं पत्ता सांगितला. मी अंबरनाथला गेले. चाळीतली एकच खोली. दारात अंजनीची शेजारीण विठा तांदूळ निवडत होती, आणि आत पलंगावर अंजनीचे सासरे, लकवा झालेले.

"गोजरमावशी होय? एकच दिवस राहिली," विठा म्हणाली. "एवढ्याशा खोलीत ही पाच माणसं, त्यात हे म्हातारबाबा. तिलाच लाज वाटायला लागली. भाचा आला आणि घेऊन गेला. वांगणीला. तिथे नवीन बिल्डिंगवर वॉचमन आहे तो, अक्षय. स्टेशनच्या पलीकडे, पिवळी बिल्डिंग. दूध पण नाही घेतलं जाताना."

अंबरनाथहून वांगणी म्हणजे पुन्हा उलट, बदलापूर ओलांडून. रस्त्याला खड्डे, खड्ड्यांत पाणी. प्रत्येक खड्ड्याला मी थर्मास पायांनी दाबून धरत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते. दिल्लीच्या माणसाला, सरांना, पंचनाम्याच्या साहेबांना. गोजरबाईंनाही. एवढं जायचं होतं तर सांगून जायला काय झालं होतं?

वांगणीत निम्म्या बिल्डिंगा पिवळ्या आहेत. तिसरी बरोबर निघाली. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, जिन्याला कठडा नाही, आणि अक्षय खाली ड्रम लावून टँकरची वाट बघत होता. त्यानं मला पहिल्या मजल्यावर नेलं. दार नसलेल्या खोलीत गोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे, डोळे खोल. शेजारी पाण्याची रिकामी बाटली.

"आजी, इन्सुलिन आणलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आनंद वगैरे काही नाही.

"तू खुर्चीवाली ना?"

"हो."

"आर्धा-आर्धा घेत व्हतो. कालपासून त्यो पन नाय. डोला लागतो, उठतो, पानी पितो, परत डोला लागतो."

"मला सांगून का नाही गेलात? दुपारपासून शोधतेय मी. मांजर्ली झाली, अंबरनाथ झालं."

"सांगितला व्हता."

"कधी?"

"बुधवारी. तुज्याम्होरं उबी र्‍हायलो. म्हनलो, बाय, मी लेकीकडं अंबरनाथला चाललो, लिवून ठेव. तू त्या पाटीवर बोट आपटत व्हतीस. म्हनलीस, आजी, लायनीत या."

मला आठवलं. बुधवारी सकाळी टॅब अडकला होता आणि बावीस नोंदी उडाल्या होत्या. माझ्यासमोर कुणीतरी हिरव्या लुगड्यात उभं होतं. मी वर बघितलंही नव्हतं. आणि बघितलं असतं तरी ते लिहायचं कुठे, पर्यायच नव्हता, असं मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कागद होता माझ्याकडे. पेन होतं.

"चुकलं माझं, आजी," मी म्हणाले.

"चुकला तर चुकला. पेन लाव आधी."

अक्षय शेजारून ग्लुकोमीटर घेऊन आला. आकडा बघून मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. नशीब, त्यांची चिठ्ठी आजींच्या पर्समध्ये होती. डॉक्टरांनी किती घ्यायचं ते सांगितलं, आणि आकडा उतरला नाही तर तासाभरात दवाखान्यात न्या म्हणाले. गोजरबाईंनी स्वतःच पोटात सुई घेतली. मी बसून राहिले. तासानं आकडा उतरायला लागला.

तेवढ्या वेळात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ग्लुकोमीटर ज्यांच्याकडून आलं ते शेजारीही मांजर्लीचेच होते. गयाबाई नावाच्या बाई, त्यांचा मुलगा, सून आणि तीन महिन्यांचं बाळ. त्यांच्या वर आणखी दोन कुटुंबं. मी जिना चढत गेले. अर्धवट बांधलेल्या खोल्यांत अक्षयनं ओळखीपाळखीतून अकरा कुटुंबं आणून ठेवली होती. मालकाला पत्ता नव्हता. माझ्या टॅबवर या सगळ्यांपुढे 'घरी परतले' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तीन महिन्यांचं बाळसुद्धा घरी परतलं होतं.

मी तिथूनच सरांना फोन केला. सगळं सांगितलं. पहिल्यांदा ते नेहमीसारखं बोलायला लागले, की नोंद बंद म्हणजे बंद. मग मी गयाबाईंच्या हातात फोन दिला. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यांचा नवरा रेल्वेत होता आणि युनियनमध्येही होता, एवढं सांगते.

रविवार असूनही दुसऱ्या दिवशी कमळाकर सर वांगणीला आले. कुरकुरत आले. जिन्याला कठडा नाही म्हणून भिंतीला धरून वर चढले. वर बाळ टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, पाणी दोन दिवसांतून एकदा, संडास सगळ्यांत मिळून दोन. त्यांनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या. मग टॅब मागितला.

"नातेवाईक पर्याय देता येत नाही," ते म्हणाले. "पण नवीन शिबिर उघडता येतं. तेवढा अधिकार आहे मला."

"कुठलं शिबिर?"

"हे. शिबिर चार."

आम्ही त्या पिवळ्या बिल्डिंगला शिबिर करून टाकलं. अकरा कुटुंबांची पुन्हा नोंद, एकेचाळीस प्रश्न. गवताचं छप्पर की कौलाचं, तेही. गोजरबाईंची पाळी आली तेव्हा त्या भडकल्या.

"शिबिर? माज्या भाच्याच्या घराला शिबिर म्हनतेस? मी भाच्याकडं पाव्हनी आलोय. त्यानं मला रोज भाकरी थापून दिली सोताच्या हातानं. तुमचा खिचडीचा टोप हाये का हितं?"

"आजी, असं लिहिलं तरच औषध येईल."

"मंग लिव. पन त्याला सांगू नको, वायट वाटंल त्याला."

अक्षय मागेच उभा होता. तो म्हणाला, "मावशी, पाण्याचा टँकर येणार असेल तर जेल लिहिलं तरी चालेल."

टँकर मंगळवारपासून रोज यायला लागला. इन्सुलिन दर आठवड्याला आलं. आलं नाही असं एकदाच झालं, तेव्हा उल्हासनगरचा तो स्कूटरवाला स्वतःहून वांगणीला देऊन गेला. डोळ्यांच्या थेंबांचं एक खोकं मात्र शिबिर चारलाही मिळालं. दिल्लीहून विचारणा आली की शिबिर चारच्या फलकाचा फोटो का नाही. सरांनी वहीच्या पानावर मार्करनं लिहून ते लिफ्टच्या खड्ड्यावरच्या पत्र्याला चिकटवलं आणि फोटो पाठवला.

उरलेल्या बंद नोंदींसाठी मी एक वही केली. रोज चार-पाच फोन. कुणी जांभूळला मेव्हण्याकडे, कुणी थेट गावी, एक कुटुंब अंबरनाथच्या बुद्धविहारात, तिथल्या लोकांनीच त्यांना ठेवून घेतलेलं. सात जण अजूनही सापडलेले नाहीत. वहीला ऑफिसात कुणी विचारत नाही, आणि सर एकदा म्हणाले, की ही असली वही ठेवायची आपल्याला परवानगी आहे का ते बघावं लागेल. अजून बघतायत.

पंचनाम्याचे साहेब जयदेवकडे बाराव्या दिवशी आले. तोवर त्याची कंपनीतली पाळी दुसऱ्या कुणाला दिलेली होती. ती परत मिळायला त्याला महिना लागला. गोजरबाई दसऱ्याच्या आठवड्यात मांजर्लीला परत गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा भिंतींना कंबरेपर्यंत ओल होती आणि त्या नव्या, छोट्या फ्रीजखाली विटांचा तिसरा थर लावून घेत होत्या. जयदेव म्हणत होता, एवढं उंच केलं तर आई तुझाच हात पोचणार नाही.

"स्टूल घेईन," त्या म्हणाल्या. "तू लाव."