आठ सेकंदांवरची रेघ

डोंगर झिजून सपाट झाले तरी त्यांची मुळं खाली असतात. आम्ही ती ऐकतो. जड ट्रक जमीन हादरवतात, हादरा खालच्या थरांवर आपटून परत येतो. किती सेकंदांनी आला, त्यावरून खोली ठरते आणि नोंदीच्या चित्रात त्या थराची रेघ उमटते. त्या नोंदींतला कचरा काढणं हे माझं काम. आमच्या सरांचं नाव झालं ते आठ सेकंदांवरच्या एका रेघेमुळे. जुन्या डोंगरांखाली गाडला गेलेला समुद्रतळ, असं त्यांनी जगाला सांगितलं होतं.

बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि तीच नोंद नव्या अहवालासाठी माझ्याकडे आली. लेक झाल्यापासून मला सगळं दोनदा तपासायची खोड लागलीय: गॅस, कडी, तिचा श्वास. रेघही तपासली. वर चार सेकंदांवर गोठलेल्या शिलारसाचा ठसठशीत थर होता. तो जिथे वाकला, तिथे खालची रेघ दुपटीने वाकली होती. म्हणजे हादरा त्याच थरावर दोनदा आपटून आला होता. कसला समुद्रतळ! असे प्रतिध्वनी गाळायची चाळणी असते, पण खोल नोंदींना ती लावायची नाही, खरंही पुसलं जातं, असा सरांचा जुना दंडक. मी लावली. रेघ गेली.

कागद घेऊन सरांकडे गेले.

"बाळ झोपू देतं का गं?" त्यांनी विचारलं.

"झोपते ती. सर, वेळ बरोबर दुप्पट आहे."

"योगायोग. नऊ वर्षं सगळ्यांनी मान डोलावली, ते काय डोळे मिटून?" मग ताप विचारावा तशा मायेने म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझी नोकरी कायम व्हायचीय ना? या अहवालावर तुझं नाव पहिलं घालतोय. नोंद तूच साफ केलीस, सहीही तुझीच हवी."

सहा वर्षांत आभारांतही माझं नाव आलं नव्हतं.

"पहिलं नाव आणि तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं?" घरी सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याचा कारखाना लेक जन्मली त्याच महिन्यात बंद पडला होता. तिला मांडीवर थोपटत तो म्हणाला, "कर की सही. डोंगर काय साक्ष द्यायला उठणारेत?"

रेघ तशीच ठेवून मी सही केली. नोकरी कायम झाली.

वर्षाने दुसऱ्या एका संस्थेने तिथेच नव्याने ट्रक फिरवले, चाळणी लावली आणि रेघ खोटी ठरवली. भरल्या सभेत सर उठले. "चूक आमच्याकडून झाली. नोंद साफ करणाऱ्या बाईंचं मूल तेव्हा तान्हं होतं, झोप नव्हती. मी त्यांना दोष देणार नाही." लोकांना सरांचं मन केवढं मोठं वाटलं! शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आल्यावर लेकीच्या दुपट्यांखालचा कागद काढला. रेघ नसलेलं माझं चित्र, कोपऱ्यात छापलेली तारीख. सर खोटं बोलले हे सिद्ध करायला तेवढा एक कागद पुरेसा होता. तारीख माझ्या सहीच्या अकरा दिवस आधीची होती.

"काय गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि वर दुपटी रचली.