माझ्या पोटातलं तांबं

मी पासलीच्या गिरणीतली मोटर बोलतेय. गोड काही ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीकडे किंवा छत्रीकडे जा. माझ्या मनात राग आहे. तो मी नीट जपला, तापवला आणि शेवटी ज्याचा होता त्याच्या पदरात घातला. त्याचीच ही हकिगत आहे.

जन्मले तेव्हा माझ्या पोटात अस्सल तांबं होतं. कारखान्यातल्या बायकांनी लाल तारेची वेटोळी एकेक करून माझ्या खाचांत बसवली, दोऱ्यानं आवळून बांधली, वर वार्निश पाजलं आणि माझ्या अंगावर एक पाटी ठोकली. पाटीवर माझा नंबर, माझी ताकद आणि माझं वजन. मोटरची अब्रू म्हणजे तिच्या पोटातलं तांबं. बाकी सगळं लोखंड, ते कुणाकडेही असतं.

साळूबाईंनी मला भोरहून विकत आणलं. पासली म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरातलं भाताचं गाव. गिरणी नव्हती तेव्हा बायका डोक्यावर दळण घेऊन घाट उतरायच्या. मी आले आणि ती पायपीट थांबली. पावसाळ्यात नाचणी, एरवी गहू-ज्वारी, दिवाळीनंतर नवं भात भरडायला. साळूबाईंचे गुडघे दुखायला लागले तशी गिरणी त्यांची सून नूतन बघू लागली. तिचा नवरा हनुमंत शेती करायचा आणि जमेल तेव्हा गिरणीत उभा राहायचा.

माणसांच्या तऱ्हा बघायच्या असतील तर गिरणीत बसावं. "बारीक दळ, पण लई बारीक नको," असं सांगणाऱ्या बायका मी रोज ऐकते. पीठ चिमटीत घेऊन नाक मुरडायचं आणि मग तोच डबा हसत उचलायचा. साळूबाईंनी एक शिस्त मात्र घालून दिली होती: डबा आत येताना काट्यावर, बाहेर जाताना काट्यावर. सख्खी बहीण असली तरी सूट नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे या घराच्या अंगवळणी पडलं होतं.

एका श्रावणात वारं सुटलं आणि कुठंतरी तार तुटून तीनपैकी एक फेज गेली, आणि उरलेल्या दोन फेजवर चालत राहिलेली मोटर जळते. हनुमंत दाराबाहेर मोबाईल कानाला लावून उभा होता. मी घुमले, कण्हले, त्याला ऐकूच गेलं नाही. माझं पोट जळालं. पण ते दुखणं मी मनावर घेतलं नाही. वारा काही कुणाचा वैरी नसतो आणि हनुमंत तर साधा माणूस.

वैरी पुढे भेटला.

कापूरहोळला, भोरचा रस्ता फुटतो तिथं, पप्पूशेठचं मोटरीत नवी तार भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान आहे. गेल्या गेल्या थंडगार पाणी, "या ताई, बसा ताई", देवाच्या तसबिरीला ताजा हार. नूतनला वाटलं, चांगला माणूस भेटला. तो म्हणाला, "ताई, सगळी वाइंडिंग गेली. नवीन तांबं भरावं लागंल. स्वस्तातलं काम मी करतच न्हाई." नूतननं तांब्याचे पैसे मोजले आणि ती घरी गेली.

ती गेल्यावर त्यानं छिन्नीनं माझी वेटोळी तोडली, आच देऊन ओढून काढली आणि माझं जळकं तांबं मागच्या पोत्यात फेकलं. जळकं असलं तरी तांबंच ते, त्याचे वेगळे पैसे झाले. आणि माझ्या पोटात त्यानं काय भरलं? ॲल्युमिनियम. तारेवरचा लेप तांबूस, वरून वार्निशचा दाट हात, बघणाऱ्याला कळायची सोय नाही. माझ्या शेजारी विहिरीवरच्या दोन मोटरी, एका रसवंतीची मोटर अशी आमची रांगच होती. सगळ्यांच्या पोटात तोच माल. पप्पूशेठ शीळ घालत काम करत होता. ती शीळ मी विसरले नाही.

घरी आले ती अशक्त होऊन. अर्धा डबा दळला की मला धाप लागायची, अंगावर हात ठेववत नसे. दसऱ्याच्या आत पुन्हा जळले. नूतन मला घेऊन परत कापूरहोळला.

"ताई, मोटरचा दोष न्हाई," पप्पूशेठ म्हणाला. "तुमच्या डोंगरातली लाईटच तसली. कवा कमी, कवा जास्त. कुठली मोटर टिकायची?"

आणि सगळ्यांना हे पटलं, याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. आमच्याकडे काहीही बिघडलं की लाईटला शिव्या द्यायची सवय आहे. दूध नासलं तरी लाईट आणि मोटर जळली तरी लाईट. पप्पूशेठला ही सवय चांगली ठाऊक होती आणि तिच्याच जिवावर त्याचं दुकान चालत होतं. त्यानं पुन्हा तांब्याचे पैसे घेतले आणि पुन्हा ॲल्युमिनियम भरलं.

तिसऱ्यांदा जळले तेव्हा हनुमंत वैतागला. "पुरं झालं. विकून टाकू भंगारात. गिरणी आपल्या नशिबात न्हाई." नूतनच्या हातात स्वतःचा म्हणून येणारा पैसा गिरणीचाच होता. बायका पुन्हा डोक्यावर दळण घेऊन घाट उतरू लागल्या होत्या आणि जाताना गिरणीच्या बंद दाराकडे बघत नव्हत्या.

भोरहून झुल्फिकार भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्यानं मला आपल्या काट्यावर टांगलं. छप्पन्न किलो. नूतननं पाटीवरचं पीठ पदरानं पुसलं. पाटीवर साठ.

"भाई, तुमचा काटा मारतोय," ती म्हणाली.

झुल्फिकारचा चेहरा पडला. "वहिनी, बापापासून धंदा करतोय. असं कुणी बोललं न्हाई. तुमच्या काट्यावर चढवा."

चढवलं. छप्पन्नच.

झुल्फिकारनं खिशातनं ब्लेड काढलं आणि माझ्या तारेचं टोक खरवडलं. आतून पांढरं चकाकलं. "ह्यात तांबं न्हाई, वहिनी. हलकं ॲल्युमिनियम हाय, म्हणून वजन कमी. तांब्याचा भाव मी कुठनं देऊ?"

नूतन खाली बसली. मग उठून म्हणाली, "भाई, तुमाला बोलले ते चुकलं माझं. चोर दुसराच हाय आणि त्याला मी दोनदा शेठ म्हणून आले."

"जाऊ दे गं," हनुमंत म्हणाला. "त्याच्याशी कोण भांडत बसणार?"

"मी बसणार," नूतन म्हणाली. त्या क्षणी माझ्यात वीज असती तर मी पट्टा तोडून फिरले असते.

तिनं आरडाओरडा केला नाही. सरळ मला तिसऱ्यांदा पप्पूशेठच्या दुकानात नेलं आणि म्हणाली, "शेठ, परत जळली. भरा नवीन. पण ह्या बारीला पक्कं बिल पायजे. मोटरचा नंबर लिवा, तांब्याची वाइंडिंग असंबी लिवा."

पप्पूशेठ हसला. "तुमी सांगाल ते लिवतो, ताई. सोन्याची म्हनाल तर सोन्याची लिवतो." त्यानं बिल फाडलं, वर शिक्का मारला. डोंगरातली बाई, हिला काय कळतंय? मी टेबलावर पडून हे बघत होते आणि मनात म्हणत होते, लिही, ठळक लिही.

सवय सुटते होय? मला घ्यायला ती आली तेव्हा माझ्या पोटात पुन्हा तेच होतं. या वेळी बरोबर हनुमंत होता, झुल्फिकारचा टेम्पो होता आणि टेम्पोत काटा. भर दुपारी, दुकानासमोर, चार गिऱ्हाइकं उभी असताना नूतननं मला काट्यावर चढवलं.

"शेठ, चार किलो कमी भरतंय."

"जळकं वार्निश गेलं, धूळ गेली. कमीच भरणार."

"चार किलो धूळ?" नूतन म्हणाली. "मी गिरणीवाली हाय, शेठ. धूळ किती भरती ते मला इचारा." तिनं झुल्फिकारचं ब्लेड घेऊन तार खरवडली आणि हनुमंतानं मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. पांढरं टोक सगळ्यांनी वाकून बघितलं. उभ्या गिऱ्हाइकांपैकी गेनबा नावाचे म्हातारे शेतकरी होते. त्यांनी आपल्या विहिरीच्या मोटरकडे बघितलं आणि मग पप्पूशेठकडे.

पप्पूशेठनं नूतनला आत बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाला, "चूक झाली, पोरांनी केली. आत्ताच्या आत्ता खरं तांबं भरून देतो, फुकट. वर पैसे परत. बाहेर बोलू नका."

हनुमंत लगेच म्हणाला, "घे. मिळतंय तर घे. गिरणी सुरू हुईल."

खरं सांगते, मीही डळमळले. पोटात तांबं येणार होतं. पण नूतननं दाराबाहेर बोट दाखवलं. "माझं तांबं मला दिलं, आन् त्या मोटरींचं? त्यांचे मालक अजून लाईटलाच शिव्या देतात."

ती पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेली. वकील न करताही तक्रार देता येते हे तिनं चौकशी करून माहीत करून घेतलं होतं. बिल आणि चित्रण तिनं जोडलं, आणि मी पुरावा म्हणून गोणपाटात शिवली जाऊन कोपऱ्यात पडले. पुरावा उघडायचा नाही, म्हणून गिरणी बंद. नूतन दुसऱ्यांच्या खाचरात भात काढायला जाऊ लागली. संध्याकाळी हात चोळत बसायची. हनुमंत काही दिवस तिच्याशी बोललाच नाही. तेव्हा मला पप्पूशेठचा जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागापेक्षा मोठा होता.

मध्यंतरी पप्पूशेठ पेढे घेऊन पासलीला आला. साळूबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"आजी, सुनेला समजावा. माझी बदनामी हुतीय."

"बदनामी आमी न्हाई केली," साळूबाई म्हणाल्या. "तुमीच केली, आमी फकस्त वजन केलं. पेढे घेऊन जावा. आमच्या घरात कुणाला गोड खायचं न्हाई."

तारखा पडल्या. गेनबांनीही आपली मोटर उघडून बघितली होती आणि तेही तक्रार घेऊन नूतनच्या शेजारी येऊन बसले. मग पप्पूशेठचा ताठा उतरला. आयोगासमोरच त्यानं तडजोडीसाठी हात जोडले. नूतननं अटी सांगितल्या. तिन्ही वेळचे पैसे परत. बंद पडलेल्या गिरणीची भरपाई. गेनबांचंही तसंच. आणि शेवटची अट: तांबं भरायचं ते पासलीला येऊन, गिरणीच्या दारात, स्वतःच्या हातानं. सगळं कागदावर आलं आणि त्यानं मान खाली घालून सही केली.

पुढच्या वर्षी भात भरडायच्या दिवसांत तो आला. दारात पोतं अंथरून बसला. नूतन समोर पाटावर. साऱ्या गावच्या बायका रिकामे डबे उपडे घालून भोवती. त्यानं माझ्या पोटातलं ॲल्युमिनियम स्वतः ओढून काढलं आणि त्याला ते नूतनच्या पायाशी ठेवावं लागलं. मग लाल तांब्याचं वेटोळं उचललं की नूतन म्हणायची, "आधी काट्यावर." तो उठायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मग माझ्या खाचेत बसवायचा. प्रत्येक वेटोळ्याला उठायचं, बसायचं. घाम त्याच्या नाकावरून गळत होता. शीळ काही ऐकू आली नाही. ज्या हातांनी मला नागवलं तेच हात मला भरत होते, आणि मी त्या सुखाला लाजत नाही.

वार्निश वाळलं, पट्टा चढला, स्टार्टर दाबला आणि मी अशी गरजले की जात्यावरचं जुनं पीठ उडून पप्पूशेठच्या डोक्यावर बसलं. कुणी हसलं नाही. तो हत्यारं गोळा करून उठला. तेवढ्यात झुल्फिकारचा टेम्पो दारात आला. त्यात गेनबांची विहिरीची मोटर होती, रसवंतीची होती आणि ओळखीपाळखीच्या आणखी कितीतरी. त्यांचे मालक मागोमाग उतरले.

"बसा, शेठ," नूतन म्हणाली. "उठायला अजून येळ हाय."

तो बसला. त्याची सही माझ्या आणि गेनबांच्या मोटरीपुरतीच होती, बाकीच्यांसाठी त्याला कुणी जबरदस्ती करू शकत नव्हतं. पण इतक्या डोळ्यांसमोरून उठून जाणं त्याला जमलं नाही.

आता मी बरी आहे. रोज दळते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की वस्तू दुरुस्तीला दिलीत तर तिच्यातलं काढलेलं जुनं सामान परत मागा, पक्कं बिल मागा आणि समोर उघडून दाखवा म्हणा. भीड धरू नका. तुमच्या भिडेवरच अशी दुकानं उभी राहतात. माफीबद्दल विचाराल तर ती माणसांनी द्यायची असते, मोटरच्या पोटात तिची जागा केलेली नसते.

रांग लागली आहे, मी निघते. कधी कापूरहोळवरून जाल तेव्हा त्या दुकानासमोर गाडी थांबवा. पप्पूशेठ थंडगार पाणी देईल, ते प्या. आणि मग अगदी सहज विचारा, "शेठ, पासलीची मोटर कशी हाय?"