नावं गेलेल्या फायली

नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीचा बॅकअप सर्व्हर सकाळपासून उघडत नव्हता. मुख्य कॉम्प्युटरची डिस्क आदल्या आठवड्यातच जळाली होती, त्यामुळे कापसाच्या वाणांची सगळी माहिती आता या एकाच ठिकाणी होती. पडद्यावर प्रश्न थांबला होता : दुरुस्ती सुरू करायची का?

"दाब की बटण!" संशोधन विभागाचे काकासाहेब सर्व्हर सांभाळणाऱ्या शिवकन्यावर खेकसले.

"आधी डिस्कची नक्कल घेऊ द्या, साहेब. दुरुस्तीत काही पुसलं गेलं तर परत येणार न्हाई."

"तवर काय तुझं तोंड बघत बसू? सरकारी तपासणीवाले येऊन राह्यले."

त्यांनी तिची खुर्ची पायानं बाजूला ढकलली आणि स्वतःच बटण दाबलं.

दुपारी सर्व्हर उघडला. फायली होत्या, पण एकीलाही नाव उरलं नव्हतं. नावांच्या जागी नुसते आकडे होते. काकासाहेबांचा चेहरा उतरला, आवाज मात्र चढलेलाच राहिला.

"तूच बिघडवलंस. वरच्या साहेबांना मी हेच सांगणार."

शिवकन्यानं ढकललेली खुर्ची परत जागेवर ओढली. "खुशाल सांगा. पण एकेक फाईल उघडून ओळखावी मलाच लागणार. मंग तुम्ही बाहेर व्हा. बिलकुल आत यायचं न्हाई."

ते बाहेर पडताच तिनं कडी घातली. पहिलीच फाईल उघडली, तर काकासाहेबांनी वर्षानुवर्षं जपलेल्या वाणाची माहिती जशीच्या तशी होती.

"काही सापडलं का?" दाराच्या काचेवर थाप मारत ते ओरडले.

तिनं मान वर केली नाही. ती पुढची फाईल उघडत होती.