लॉकरमध्ये ठेवलेला फोन

दुपारी दोनला तोरुनने आपला फोन, ती काम करायची त्या दवाखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवला, वर पांढरा कोट टाकला आणि कुलूप लावलं. फोन बंद केला नाही. बंद केला असता तर नवऱ्याला, आयविनला, लगेच कळलं असतं. चालू राहिला तर त्याच्या फोनवरच्या नकाशात तिचा निळा ठिपका पाचपर्यंत दातांच्या दवाखान्यातच दिसणार होता. म्हणजे तीन तास हातात होते.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सुरुवातीला दोघांनाही एकमेकांचा ठिपका दिसायचा. थंडीत रस्ते गोठतात, गाड्या घसरतात, काळजी वाटते, असं आयविन म्हणायचा. पुढे त्याचा ठिपका दिसेनासा झाला, तिचा मात्र राहिला. दुकानात चार मिनिटं जास्त लागली की फोन वाजायचा.

"माशांच्या काउंटरपाशी एवढा वेळ काय करतेस? कोण भेटलं?"

आवाज कधी चढायचा नाही. फेब्रुवारीत एकदा तिने फोन उचलला नाही. घरी आल्यावर त्याने तिचा हात शांतपणे स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये धरला आणि ड्रॉवर गुडघ्याने ढकलला. गाडीच्या दारात बोट सापडलं, असं तिने दवाखान्यात सांगितलं.

मावशीच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीवरच्या मुलीने तोरुनकडे तिकीट मागितलं. "फोनवर दाखवा."

"फोन नाही."

"विसरलात?"

"नाही. नाहीच माझ्याकडे."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. मागे रांग खोळंबली होती. तोरुनने नोटा पुढे केल्या. मुलीने त्या कुठे ठेवायच्या याचा जरा विचार केला आणि तिला आत सोडलं. आत जो तो फोनमध्ये बघत होता. एक बाई खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांचे फोटो काढत होती. त्यात आपण आलो तर, या धास्तीने तोरुन टोपी खाली ओढून सामानापाशी उभी राहिली.

बोर्गहिल मावशी तोरुनच्या आईची थोरली बहीण, बेटावरची निवृत्त मास्तरीण. तिने मोबाईल कधी घेतलाच नव्हता. घरातल्या बोळात भिंतीवरचा जुना फोन होता. दार उघडताच तिने तोरुनच्या काळ्या पडलेल्या नखाकडे बघितलं.

"हे त्याने केलं?"

तोरुनने होकारार्थी मान हलवली. मावशीने आधी शेजारच्या बेटावरच्या हालवार पोलिसाला फोन लावला. तो तिचा विद्यार्थी. रेडिओवर पाचच्या बातम्या लागल्या. आता त्याला कळलं असणार.

दोन दिवस काहीच घडलं नाही आणि तेच तिला सोसवेना. फोन होता तेव्हा त्याचा राग कुठवर आलाय ते तरी कळायचं. आता काहीच कळत नव्हतं. रस्त्यावर गाडी वाजली की ती खिडकीपासून दूर व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा फोन वाजला.

"बोर्गहिल बोलतेय. अरे, आयविन होय. नाही रे, इथे कशाला येईल ती?"

मग मावशी नुसतीच ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बोटीवरच्या मुलीने सांगितलं त्याला. फोन नसलेली बाई म्हणून तू चांगली लक्षात राहिलीस तिच्या. दुपारच्या बोटीने येतोय."

मावशीचा फोन जाताच हालवार निघाला, पण समुद्र खवळलेला होता. आयविनची बोट आधी लागली. तो धक्क्यावरून चढण चढून येताना दिसला. अजिबात घाई नव्हती त्याला. मावशीने कडी लावली.

"तोरुन, तुझा फोन राहिला होता," तो बाहेरून म्हणाला. "लॉकर उघडून घेऊन आणलाय मी. किती निरोप आलेत बघ. सगळे काळजीत आहेत गं."

दारातल्या पत्रांच्या फटीतून फोन आत आला आणि पायपुसण्यावर पडला. पडताक्षणीच वाजायला लागला. तो दारापलीकडे उभा राहून तिला फोन करत होता.

"उचल."

तिचा हात आपोआप पुढे गेला. मावशीने तिचं मनगट धरलं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मग दाराची मूठ सावकाश फिरली.

"उचल, तोरुन. तू किती वेळ लावतेयस ते मी मोजतोय."

तिने हात मागे घेतला. ती म्हणाली, "मी येणार नाही."

दाराला धक्का बसला. मग आणखी जोराचा. कडीचा एक खिळा निघून खाली पडला. दोघी पाठ लावून दाराशी उभ्या राहिल्या आणि मावशीच्या म्हाताऱ्या खांद्यांना बसणारा प्रत्येक हिसका तोरुनला कळत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेरून दुसराच आवाज आला.

"बास कर. चल खाली."

हालवार होता तो. नखशिखान्त भिजलेला.

त्या फोनमधले सहा वर्षांचे निरोप पुढे कोर्टात वाचले गेले. आयविनला शिक्षा झाली, बेटावर पाऊल ठेवायलाही बंदी झाली. तोरुन मावशीकडेच राहिली. नवा फोन तिने घेतला नाही; बँकेत, दवाखान्यात, जिथे तिथे लोक नंबर मागायचे आणि ती मावशीचा द्यायची.

निकालानंतरच्या रविवारी ती पहिल्यांदा एकटीच दीपस्तंभाकडे निघाली. आपण कुठे आहोत हे जगात कुणालाच ठाऊक नाही, हे वळणापाशी तिच्या लक्षात आलं. ती धावत घरी परत आली आणि दाराशी धापा टाकत उभी राहिली. दुसऱ्या रविवारी ती वळणाच्या थोडी पुढे गेली.